ख्रिस्ती मंडळींतील लहान वर्ग व दुःखितांची विचारपूस

दानाचा पैसा गोळा करणें कठीण आहे खरें; परंतु तो योग्य दारीं पोंचविणें त्याहूनही कठीण आहे, हा अनुभव या पानांच्या वाचकांस नवा नाहीं. वर्गणीच्या यादींत आंकडा घालणाऱ्या व्यापाऱ्याच्या व कोठारांतून धान्य काढून देणाऱ्या जमीनदाराच्या मनांत एकच शंका असते कीं, आपण दिलेला घांस अखेर कोणाच्या मुखीं पडला? जो मोठ्यानें हांक मारतो त्याच्या पदरीं दोनदां पडतें, आणि जी विधवा दार लोटून मुकाट्यानें उपाशी बसते तिच्या उंबऱ्यापर्यंत कोणी जात नाहीं. ही अडचण दूर करण्याचा यत्न अनेक समाजांनीं केला आहे. त्यांपैकीं इंग्लंडांतील मेथॉडिस्ट नांवाच्या ख्रिस्ती मंडळीनें अठराव्या शतकांत घालून दिलेली रीति विशेष विचार करण्यासारखी आहे. आम्ही येथें कोणत्याही धर्ममताचा पुरस्कार करीत नाहीं; एका व्यवस्थेची हकीकत तिच्या गुणदोषांसह दात्यांपुढें मांडतों.

ख्रिस्ती लोकांत मंडळीच्या धर्मगुरूस पाळक म्हणतात. मेंढपाळ जसा आपलें प्रत्येक मेंढरूं ओळखतो, तसें पाळकानें प्रत्येक कुटुंबाचें सुखदुःख जाणावें, ही त्या नांवामागील कल्पना आहे. परंतु मंडळी शेंकड्यांनीं व हजारांनीं वाढली म्हणजे एका पाळकास हें साधणार कसें? हा प्रश्न त्या धर्माच्या आरंभापासूनच उभा आहे. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत अशी हकीकत आहे कीं, यरुशलेम येथील मंडळींत रोजच्या अन्नवांटपांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते अशी तक्रार आली, आणि तेवढ्या कामासाठीं सात माणसें निराळीं निवडण्यांत आलीं. स्तेफन हा त्यांपैकींच एक. म्हणजे वांटप करणाऱ्याच्या नजरेंतून कोणीतरी सुटतें, ही तक्रार दोन हजार वर्षांची जुनी आहे.

जॉन वेस्ली (१७०३–१७९१) हे इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे दीक्षित धर्मगुरु होते. त्यांच्या उपदेशानें लंडन, ब्रिस्टल, न्यूकॅसल अशा शहरांतून मजूर, कारागीर, मोलकरणी व खाणकामगार यांच्या मंडळ्या उभ्या राहिल्या. सन १७४१ च्या मे महिन्यांत त्यांनीं लंडनच्या मंडळीस सांगितलें कीं, आपल्यांतील कित्येकांस अन्नवस्त्र नाहीं व कित्येक बेकार आहेत. सबब ज्याला शक्य असेल त्यानें जास्तीचे कपडे आणावे व आठवड्यास एक पेनी द्यावी. बेकार स्त्रियांस विणकामाचें काम व त्याची मजुरी देण्याचें ठरलें, आणि आजाऱ्यांस एक दिवसाआड भेटण्यासाठीं बारा जणांची नेमणूक झाली. पुढें त्यांनीं शहराचे तेवीस भाग पाडून प्रत्येक भागास दोन, याप्रमाणें शेहेचाळीस माणसें या कामास लाविलीं. प्रत्येक आजाऱ्यास आठवड्यांतून तीनदां भेटावें, त्याच्या मनाची स्थिति विचारावी, रोगावर सल्ला मिळवून द्यावा, गरज असेल तेथें द्रव्यसाह्य करावें आणि दर आठवड्यास कारभाऱ्यांकडे हिशेब द्यावा, अशीं त्यांचीं कामें ठरलेलीं होतीं. वागणुकीचे नियमही होते. रोग्याशीं सौम्यपणें व धीरानें बोलावें, स्वच्छता पाळावी, आणि सेवेच्या कामांत किळस बाळगूं नये.

परंतु या मंडळीचें खरें वैशिष्ट्य जे ‘वर्ग’, त्यांचा उगम एका कर्जांतून झाला, हें आमच्या व्यापारी वाचकांस मौजेचें वाटेल. ब्रिस्टल येथील सभागृह बांधतांना मंडळीवर कर्ज झालें होतें. १५ फेब्रुवारी १७४२ रोजीं तें फेडण्याचा विचार करण्यासाठीं सभासद जमले असतां, प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी अशी सूचना निघाली. पुष्कळांस तेवढेंही जमणार नाहीं, असा आक्षेप येतांच कॅप्टन फॉय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गृहस्थानें तोड काढली. सर्वांत गरीब असे अकरा जण आपल्याकडे द्यावेत. ते देतील तें आपण गोळा करूं, आणि जे देऊं शकणार नाहींत त्यांची पेनी आपण स्वतः भरूं, असें त्यानें सांगितलें. इतरांनींही आपापल्या शेजारच्या अकरा जणांचें ओझें याचप्रमाणें उचललें, आणि बारा-बारांचे वर्ग बनले.

आतां परिणाम पहा. पेनीसाठीं दर आठवड्यास दारीं जाणाऱ्या माणसास घरची खरी स्थिति आपोआप दिसूं लागली. कोठें आजार, कोठें नवराबायकोचें भांडण, कोठें दारूचें व्यसन, कोठें तीन दिवसांची थंड चूल! आपण ज्या साधनाच्या शोधांत होतों तें हेंच, असें वेस्लींच्या ध्यानीं आलें. कर्ज फिटलें तरी पेनी थांबली नाहीं; आणि वसुलीची जी व्यवस्था, तीच विचारपुशीची व्यवस्था झाली.

आरंभीं वर्गनायक घरोघर हिंडत असे. त्यांत अडचणी आल्या. वेळ फार मोडे. नोकरीस असलेल्या मुलांमुलींस त्यांचे धनी एकांतांत भेटूं देत ना. आणि एकाबद्दल दुसऱ्यानें केलेल्या कागाळ्या समोरासमोर आल्यावांचून निवळत नसत. म्हणून आठवड्यांतून एकदां सर्व वर्गानें एकत्र बसावें असें ठरलें. बारा माणसांच्या बैठकींत प्रत्येकानें आपली स्थिति सांगावी, इतरांनीं ऐकावें, धीर द्यावा, प्रसंगीं कानउघाडणी करावी आणि शेवटीं प्रार्थना करावी, एवढाच तो विधि. नायक हा शिकलेला किंवा श्रीमंतच असावा असें नव्हतें. कारागीर नायक होते आणि स्त्रियाही मोठ्या संख्येनें नायिका होत्या. ज्यांना आयुष्यांत कोणी मत विचारलें नव्हतें, त्यांच्यावर अकरा माणसांची जबाबदारी पडली, आणि त्यांनीं ती पेलली.

भांडवलाच्या बाबतींतही या मंडळीनें दूरदृष्टि दाखविली. सन १७४६ मध्यें ३० पौंड १६ शिलिंग गोळा करून गरजूंस बिनव्याजी कर्ज देण्याचा फंड काढण्यांत आला. एका वेळीं वीस शिलिंगांपर्यंत द्यावयाचे व तीन महिन्यांत आठवडेवारीनें परत घ्यावयाचे, असा नियम होता. इतक्या अल्प रकमेंतून अठरा महिन्यांत २५५ माणसांची नड भागली, कारण तोच पैसा पुनःपुन्हां फिरत राहिला. पुढें कर्जाची मर्यादा वाढली. जेम्स लॅकिंग्टन नांवाच्या एका गरीब चांभारानें पुस्तकांचें लहानसें दुकान मांडलें होतें. त्यानें सन १७७५ च्या सुमारास या फंडांतून पांच पौंड घेतले, आणि कालांतरानें तो लंडनमधील नामांकित ग्रंथविक्रेता झाला. याच मनुष्यानें सन १७९१ मध्यें आपल्या आत्मवृत्तांत मेथॉडिस्ट लोकांची यथेच्छ टवाळी केली, आणि उतारवयांत, सन १८०४ मध्यें, त्याबद्दल पश्चात्तापाचें पुस्तक लिहिलें. फंडानें त्याच्याकडून मुद्दल परत मागितली होती, कृतज्ञता नव्हे. दात्यानें हा भेद मनांत बाळगणें बरें.

येथवर गुण सांगितले; आतां दोष. जो मनुष्य साह्य घेऊन दारीं येतो तोच आचरणाची चौकशीही करूं लागला, तर काय होतें? मंडळींत दर तिमाहीस सभासदत्वाचें तिकीट मिळे, आणि ज्याचें वर्तन पसंत नसेल त्याचें तिकीट बंद होई. सन १७४३ च्या मार्च महिन्यांत न्यूकॅसलच्या मंडळींतून चौसष्ट जणांस कमी केल्याची नोंद वेस्लींच्याच रोजनिशींत आहे. त्यांत दारूबाजीबद्दल सतरा, शिव्याशापाबद्दल दोन, सराईत खोटें बोलण्याबद्दल तीन आणि बायकोस मारल्याबद्दल एक आहे. हे आरोप साक्षीपुराव्यानें शाबीत होण्याजोगे आहेत. परंतु सर्वांत मोठा आंकडा, म्हणजे एकोणतीस, हा थिल्लरपणा व निष्काळजीपणा या सदराखालीं आहे! ज्यांचें आयुष्य न्यायालयांत गेलें अशा आमच्यासारख्यांस हें वाचतांना थबकावें लागतें. ज्या आरोपाची व्याख्या करतां येत नाहीं त्याचा बचावही करतां येत नाहीं. आणि ज्याची भाकरी नायकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो आपलें अंतःकरण उघडें करील कीं नायकास आवडेल तेंच बोलेल? जेथें सांत्वन व झाडती एकाच हातीं असतात, तेथें दीन माणूस प्रथम खोटें बोलावयास शिकतो.

या दोषावर उताराही त्याच लोकांतून निघाला. सन १७८५ मध्यें जॉन गार्डनर नांवाच्या एका निवृत्त शिपायानें कांहीं मित्रांसह लंडनमध्यें ‘परक्यांच्या मित्रांची सभा’ काढली. वर्गणी तीच, आठवड्यास एक पेनी. परंतु तिचें साह्य मंडळीच्या सभासदांसाठीं नव्हतेंच. शहरांत ज्यांचें कोणी नाहीं अशा आजारी व निराश्रित परक्यांकडे, ते कोणत्याही पंथाचे असोत, भेट देणारे जात. घेणारा मंडळीचा सभासदच नसल्यामुळें त्याचें तिकीट काढून घेण्याचा प्रश्नच उरला नाहीं. वेस्लींनीं या सभेस मनापासून पाठिंबा दिला, आणि पुढें ब्रिस्टल येथेंही तशी सभा स्थापन झाली.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत वर्गांची पद्धति हळूहळू क्षीण झाली. तींच तींच वाक्यें दर आठवड्यास म्हटलीं जाऊं लागलीं म्हणजे मनाचें बोलणें उरत नाहीं. तरी मूळ कल्पना नष्ट झाली नाहीं. सन १८७१-७२ मध्यें विल्यम टेलर या अमेरिकन उपदेशकानें मुंबईंत लोकांच्या घरीं भरणारे असेच लहान वर्ग सुरू केले. सन १८४८ पासून मुंबईंत साधेपणानें राहणारे जॉर्ज बोवेन हेही त्या कामांत सामील झाले. अमेरिकेंत सेंट लुइस येथें सन १९७५ मध्यें केनेथ हॉक या पाळकानें, जे मानसशास्त्रज्ञही आहेत, स्तेफनच्याच नांवानें एक व्यवस्था सुरू केली. तींत मंडळीच्या सामान्य सभासदांस सुमारे पन्नास तासांचें शिक्षण देऊन, शोक, आजार किंवा वियोग यांनीं पीडलेल्या एकेका माणसाकडे नियमानें पाठविण्यांत येतें. ऐकलेलें गुप्त ठेवणें हा तेथील मुख्य नियम आहे. भेट देणाऱ्यांच्या लहान बैठका ठराविक मुदतीनें भरतात व त्यांत परस्परांस सल्ला मिळतो. ऐकणाऱ्याचाही भार कोणीतरी उचलला पाहिजे, हें यांत ओळखलेलें आहे.

या सर्व हकीकतींतून आम्हांस जो बोध दिसतो तो असा कीं, साह्याचें खरें परिमाण दिलेल्या रकमेंत नसून, ती घेऊन जाणाऱ्या माणसाच्या ओळखींत आहे. अकरा घरें हें एका माणसाच्या ध्यानांत राहण्याजोगें माप आहे. अकराशें हें केवळ वहीचें माप आहे. म्हणून दात्यांनीं वर्गणी देतांना चार गोष्टी अवश्य विचाराव्या. एका माणसाकडे किती घरें आहेत? तो आठवड्यांतून किती वेळां जातो? त्याचा हिशेब कोण पाहतो? आणि साह्य नाकारण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हातीं तर नाहीं ना? पहिल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून पैसा सुरक्षित आहे कीं नाहीं हें कळेल. चौथ्यावरून घेणाऱ्याची अब्रू सुरक्षित आहे कीं नाहीं हें कळेल.

ब्रिस्टलच्या त्या गृहस्थानें गरिबांची पेनी भरण्याचें कबूल केलें, हें त्याचें औदार्य होय. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, ती मागावयास तो दर आठवड्यास स्वतः गेला. ज्यांस द्रव्य देतां येईल त्यांनीं द्रव्य द्यावें. ज्यांस जातां येईल त्यांनीं जावें. आणि ज्यांस दोन्ही शक्य आहे त्यांनीं दोन्ही करावें, इतकीच उदार वाचकांस आमची नम्र विनंति आहे.