मोबाइल रोमिंग

मोबाइल रोमिंग म्हणजे आपल्या दूरसंचार कंपनीच्या सेवाक्षेत्राबाहेर गेल्यावरही तेच सिमकार्ड व तोच क्रमांक वापरून दुसऱ्या नेटवर्कवरून कॉल, एसएमएस आणि इंटरनेट सेवा मिळण्याची सोय होय. ग्राहकाने ज्या कंपनीचे सिमकार्ड घेतलेले असते तिच्या नेटवर्कला मूळ नेटवर्क, तर ज्याच्या टॉवरवरून त्याला प्रत्यक्ष सेवा मिळते त्याला यजमान नेटवर्क म्हणतात. रोमिंगचे दोन प्रकार आहेत : देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय. रोमिंगचा खर्च प्रवासाच्या अंतरावर ठरत नाही. परवाना क्षेत्राची हद्द, कंपन्यांमधील करार आणि नियामक संस्थेने घातलेली दरमर्यादा यांवर तो ठरतो.

कार्यपद्धती

प्रत्येक सिमकार्डात आयएमएसआय हा ओळखक्रमांक साठवलेला असतो. त्याचे पहिले तीन अंक देश दर्शवतात. भारतासाठी ४०४ व ४०५ हे अंक वापरले जातात. प्रवाशाने परदेशात फोन सुरू केला की तेथील नेटवर्क हा क्रमांक वाचून मूळ कंपनीकडे विचारणा करते. दोन्ही कंपन्यांत करार असेल आणि ग्राहकाची रोमिंग सेवा सुरू असेल, तर त्याची तात्पुरती नोंदणी होते. वापराचा हिशोब यजमान कंपनी मूळ कंपनीकडे पाठवते व मूळ कंपनी तो ग्राहकाकडून वसूल करते.

परदेशात येणाऱ्या कॉललाही पैसे का पडतात, याचे उत्तर या रचनेत आहे. साताऱ्याहून दुबईतील नातेवाइकाच्या भारतीय क्रमांकावर केलेला कॉल प्रथम भारतातील मूळ कंपनीकडे जातो आणि तेथून दुबईकडे वळवला जातो. कॉल करणाऱ्याला देशांतर्गत कॉलचाच दर लागतो. पुढील आंतरराष्ट्रीय टप्प्याचा भार कॉल घेणाऱ्यावर पडतो. इंटरनेटची माहितीही बहुधा मूळ देशातूनच फिरून येते. म्हणून चीनमध्ये स्थानिक इंटरनेटवर बंद असलेली संकेतस्थळे रोमिंगवरील भारतीय सिमवर सहसा उघडतात.

इतिहास

युरोपातील १३ देशांच्या दूरसंचार संस्थांनी १९८७ मध्ये कोपनहेगन येथे जीएसएम या समान तंत्रज्ञानाचा करार केला. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये पहिली जीएसएम सेवा सुरू झाली आणि १९९२ मध्ये फिनलंड व ब्रिटनमधील कंपन्यांत पहिला आंतरराष्ट्रीय रोमिंग करार झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) स्थापना १९९७ मध्ये झाली.

देशांतर्गत रोमिंग : सातारा व सांगली

भारतात मोबाइल सेवेचे परवाने क्षेत्रनिहाय देण्यात आले. महाराष्ट्र परवाना क्षेत्रात मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा येतात. मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आहे. त्यामुळे साताऱ्याचा ग्राहक गडचिरोलीला किंवा पणजीला गेला तरी आपल्याच क्षेत्रात राही, मुंबईत मात्र तो तांत्रिकदृष्ट्या रोमिंगवर जाई. गिरणी व माथाडी कामाच्या निमित्ताने सातारा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे मुंबईशी जोडलेली असल्याने ही हद्द त्यांच्या रोजच्या व्यवहारातली होती.

सांगली जिल्ह्याची पूर्व व दक्षिण बाजू कर्नाटकाला लागून आहे. मिरजेहून म्हैसाळमार्गे कागवाडला जाणाऱ्याचे परवाना क्षेत्र काही किलोमीटरांतच बदलते. सीमेपलीकडील टॉवरचा संकेत अधिक प्रबळ असेल तर फोन आपोआप तो पकडतो. त्यामुळे सीमेलगतच्या गावात घरी बसलेला ग्राहकही रोमिंगवर जाऊ शकतो. अशा ठिकाणी फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड आपोआप न ठेवता स्वतः करणे हा उपाय असतो.

रोमिंग दरांची सर्वाधिक झळ स्थलांतरितांना बसली. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभरातील शहरांत गेली आहेत. मूळ गावचा क्रमांक ठेवावा तर घरून आलेल्या प्रत्येक कॉलला पैसे पडत. नव्या राज्याचे सिमकार्ड घ्यावे तर क्रमांक बदले व ओळखीचे ग्राहक तुटत. २०११ पासून देशभर क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा मिळाली, पण ती एकाच परवाना क्षेत्रापुरती होती.

ट्रायने १ मे २०१५ पासून रोमिंगची दरमर्यादा खाली आणली. येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा मिनिटाला ७५ पैशांवरून ४५ पैसे, तर स्थानिक जाणाऱ्या कॉलची १ रुपयावरून ८० पैसे झाली. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक पोर्टेबिलिटी संपूर्ण देशासाठी लागू झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने देशांतर्गत रोमिंगशुल्काविना सेवा सुरू केली. १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलनेही हे शुल्क रद्द केले. आज देशांतर्गत रोमिंगचा स्वतंत्र आकार जवळजवळ उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंगमध्ये दोन देशांतील कंपन्यांचे करार गुंतलेले असल्याने तेथे दरांतील तफावत कायम आहे.

परदेशात खर्च कमी करण्याचे मार्ग

मूळ कंपनीचा रोमिंग पॅक : अल्प मुदतीच्या प्रवासासाठी सोयीचा, क्रमांक तोच राहतो. पॅक न घेता इंटरनेट वापरल्यास खर्च अनेक पटींनी वाढू शकतो. पॅकमध्ये प्रवासातील सर्व देश, येणारे कॉल आणि विमान बदलण्याचे ठिकाण समाविष्ट आहे का, हे निघण्यापूर्वी तपासावे.

स्थानिक सिमकार्ड : शिक्षण, नोकरी किंवा दीर्घ मुक्कामासाठी सामान्यतः सर्वांत स्वस्त. बहुतेक देशांत त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. फोन एखाद्या कंपनीशी बांधलेला नसावा.

ई-सिम : फोनमध्येच बसवलेल्या चिपवर क्यूआर कोडद्वारे जोडणी उतरवून घेता येते. तिची सक्रियता भारतातून निघण्यापूर्वीही तयार ठेवता येते. भारतीय सिम ओटीपीसाठी व ई-सिम इंटरनेटसाठी, अशी विभागणी करता येते. पर्यटकांसाठीच्या अनेक ई-सिम योजनांत केवळ इंटरनेट असते, साध्या कॉलची सोय नसते.

वाय-फाय : विमान पद्धती चालू ठेवून वाय-फाय वापरल्यास रोमिंगशुल्क लागत नाही. मात्र सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळावेत.

कोणताही मार्ग निवडला तरी भारतीय सिमवरील ‘डेटा रोमिंग’ गरज नसताना बंद ठेवावे. छायाचित्रांचा बॅकअप आणि ॲपची अद्ययावतने ग्राहकाच्या नकळत इंटरनेट वापरतात. नकाशे निघण्यापूर्वी फोनमध्ये उतरवून घ्यावेत. घरचे क्रमांक देशाच्या संकेतांकासह साठवावेत : सांगलीचा ०२३३ हा संकेतांक परदेशातून +९१ २३३ असा, तर साताऱ्याचा ०२१६२ हा +९१ २१६२ असा लावावा लागतो.

बँक व्यवहार

भारतीय बँकांचे ओटीपी बहुधा नोंदणीकृत क्रमांकावरच येतात. सिमकार्ड काढून ठेवले, त्याची मुदत संपली किंवा रोमिंग सेवा सुरूच केली नाही, तर परदेशात पैसे असूनही व्यवहार अडतो. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस भारतीय कंपन्यांकडून साधारणतः विनामूल्य असतात. म्हणून इंटरनेट बंद ठेवून केवळ रोमिंग सेवा चालू ठेवणे पुरेसे होते. यूपीआय ॲपची नोंदणी सिमकार्डाशी जोडलेली असल्याने ती भारतातच पूर्ण करावी.

देशनिहाय फरक

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून तेथील सिमकार्डधारकांना सदस्य देशांत अतिरिक्त रोमिंगशुल्क लागत नाही. फ्रान्समध्ये घेतलेले सिम त्यामुळे जर्मनीत किंवा इटलीतही चालते. भारतीय सिमला ही सवलत नाही आणि स्वित्झर्लंड या व्यवस्थेबाहेर आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरील कॉलवर निर्बंध असून परवानाप्राप्त ॲप वापरावी लागतात. अमेरिकेतील तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद केल्याने तेथे फोरजीवरून कॉल करू न शकणारे जुने फोन अपुरे पडतात. जहाजावरील व विमानातील उपग्रहाधारित नेटवर्क सामान्य पॅकमध्ये बहुधा मोडत नाही.

हे सुद्धा पहा

सिमकार्ड
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
मोबाइल क्रमांक पोर्टेबिलिटी
गलाई व्यवसाय