कळप मोडतो तेव्हा

हत्ती हे बळाचे प्रतीक. तथापि माणसाच्या ताब्यातील आशियाई हत्तींच्या पिलांना आज सर्वांत मोठे भय आहे ते एका विषाणूचे. १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात कुमारी नावाचे १६ महिन्यांचे पिलू अकस्मात दगावले. त्या मृत्यूच्या शोधातून नागीण ज्या कुळातील विषाणूमुळे होते त्याच कुळातील एक नवा विषाणू उजेडात आला. लॉरा रिचमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हे संकट दूरदेशीचेच आहे असेही नाही. २०१९ मध्ये ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात याच रोगाने अल्पावधीत चार हत्ती दगावले. दक्षिण भारताच्या रानांतील पिलांतही तो आढळला आहे.

या विषाणूची रीत मोठी विलक्षण आहे. प्रौढ हत्तीच्या शरीरात तो आयुष्यभर निद्रिस्त राहतो, मधूनच जागा होतो आणि सोंडेतील स्रावावाटे बाहेर पडतो. प्रौढाला त्याचा बहुधा उपद्रव होत नाही. पिलाला मात्र तो सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरच गाठतो. पिलू मलूल होते, डोके व सोंड सुजते, जीभ निळसर पडते, आणि अंतर्गत रक्तस्रावाने एकदोन दिवसांतही सारे संपते.

पिलाचे पहिले कवच म्हणजे आईकडून मिळालेली प्रतिपिंडे. ती काळानुसार ओसरतात. ती टिकून असतानाच कळपातील विषाणूशी थोडाथोडा परिचय झाला, तर पिलाचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे घडवते. म्हणजे आई, मावश्या, थोरल्या बहिणी यांच्या सहवासात पिलू केवळ वाढत नाही, तर रोगाशी झुंजण्याची शिदोरीही मिळवते. ज्यांची ही शिदोरी तोकडी असते, तीच पिले प्रामुख्याने बळी पडतात, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे.

कळपाच्या घडणीतील बदलाचे महत्त्व येथेच कळते. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत आणि ते सर्वच कळपांत सारखे नसतात. नवा हत्ती आला की त्याच्यासोबत पिलाच्या शरीराला अनोळखी असा प्रकारही येऊ शकतो. शिवाय या कुळातील विषाणू शरीरावर ताण आला की डोके वर काढतात. तापानंतर माणसाच्या ओठावर उठणारे फोड हे त्याचेच उदाहरण. सोबतीण गेली, कुलप्रमुख हत्तीण मेली वा अपरिचितांशी एकत्र राहावे लागले, तर हत्तीलाही ताण येतो. म्हणूनच अशा बदलांचा विषाणूच्या स्रावाशी असलेला संबंध संशोधक तपासत आहेत.

मग हत्ती हलवूच नयेत काय? तसे नव्हे. नात्यातील संकर टाळण्यासाठी नर हलवावेच लागतात. एकाकी हत्तीला सोबत देणे हेही कर्तव्यच आहे. पिलाला सर्वांपासून तोडून ठेवणे तर आत्मघातकी ठरेल, कारण त्याला प्रतिकाराचा धडा देणारेच कोणी उरणार नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि पूर्वतयारीचा. स्थलांतरापूर्वी दोन्ही कळपांच्या रक्ताची व सोंडेतील स्रावाची तपासणी व्हावी. पिलांच्या प्रतिपिंडांची पातळी पाहूनच दिवस ठरवावा. बदलानंतर त्यांचे रक्त वारंवार तपासावे. विषाणू रक्तात वाढू लागताच विषाणुरोधक औषधे व निरोगी हत्तीचा रक्तद्रव दिला, तर काही पिले वाचतात. लक्षणे दिसेपर्यंत थांबल्यास बहुधा उशीर झालेला असतो.

जून २०२४ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयात या रोगावरील नवी लस एका हत्तिणीला प्रथमच टोचण्यात आली. ही घटना आशादायक खरी. परंतु लसीच्या भरवशावर व्यवस्थापनातील शैथिल्य क्षम्य ठरत नाही.

महाराष्ट्रात २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीच्या स्थलांतराने जनमानस ढवळून निघाले. हत्ती कोठे राहावा हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे तेव्हा दिसले. हाच जिव्हाळा वैद्यकीय दक्षतेपर्यंत पोचला पाहिजे. हत्ती म्हणजे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदली करावा असा नग नव्हे. कागदावर एका हत्तीची नोंद इकडून तिकडे जाते. प्रत्यक्षात दोन कळपांची घडी बदलते, आणि त्याची किंमत मोजावी लागलीच, तर ती त्यांतील सर्वांत लहानग्याला मोजावी लागते.