भाजी, बाजी आणि सालामांका

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून चार शब्द म्हणा : पाजी, बाजी, भाजी, माजी. आरशातला माणूस चारही वेळा एकच शब्द बोलतोय असं दिसेल. ज्या मुलाला ऐकू येत नाही आणि जे बाईंच्या ओठांकडे बघून शिकू पाहतंय, त्याच्यापुढे दिवसभर हेच चाललेलं असतं. क-ख-ग-घची गत तर आणखी वाईट. ती अक्षरं घशाशी तयार होतात, बाहेरून दिसतच नाहीत.

आता कागदाची एक पातळ पट्टी ओठांसमोर धरा. 'ब' म्हणताना ती जेमतेम हलते, 'भ' म्हणताना फडकते. गळ्यावर बोटं ठेवा. 'ब'च्या वेळी ओठ मिटलेले असतानाच थरथर सुरू होते; 'प'च्या वेळी ओठ उघडेपर्यंत गळा गप्प असतो. 'म'ला बोट नाकपुडीपाशी न्या, कंप तिथे सापडेल. म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक कातडीला कळतो. कर्णबधिर मुलांना बोलायला शिकवणारे शिक्षक ह्याच युक्त्या वापरत आले आहेत, आणि त्यांचा सगळा हिशेब आपल्या वर्णमालेत आधीच मांडलेला आहे. क-वर्ग घशाशी, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी प-वर्ग ओठांशी. प्रत्येक वर्गात आधी कोरा आवाज, मग श्वासाचा झोत, मग गळ्याची थरथर, मग दोन्ही, शेवटी नाक. पहिलीतली पोरं भिंतीवरचा तक्ता बघून जे घोकतात तो माणसाच्या तोंडाचा नकाशा आहे.

हा नकाशा हाताशी नसलेल्या एका देशाला तो नव्याने काढावा लागला. तो देश स्पेन.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर उत्तर स्पेनमधल्या ओन्या गावच्या मठात पेद्रो पोन्से दे लेओन नावाचा भिक्षू राहत होता. वेलास्को ह्या बड्या सरदार घराण्यातले दोन बहिरे भाऊ त्याच्याकडे आले. बहिरा माणूस शिकूच शकत नाही, अशी तेव्हाच्या युरोपातल्या बहुतेक विद्वानांची खात्री होती. पोन्सेने त्यांना लिहायला, वाचायला आणि बोलायलाही शिकवलं. त्याला हे सुचलं कसं? बेनेडिक्टाइन भिक्षूंना मौनाच्या वेळा पाळाव्या लागत आणि त्या वेळांत ते हातांच्या खुणांनी काम भागवत. शब्दाविना विचार पोचवता येतो, हे त्या मठात रोज दिसत होतं.

त्याच घराण्याच्या पुढच्या एका पिढीतही एक बहिरा मुलगा होता. त्या घराण्याचा चिटणीस हुआन पाब्लो बोनेत ह्याने 1620मध्ये माद्रिदला एक पुस्तक छापलं. बहिऱ्यांना शिकवण्याच्या कलेवरचं हे पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. बोनेतचा मुद्दा मला फार आवडतो. स्पॅनिशमध्ये 'फ'च्या अक्षराचं नाव 'एफे', 'म'च्या अक्षराचं 'एमे'. तो म्हणतो, ही नावं विसरा, मुलाला नुसता आवाज द्या. आपल्याकडे 'म'चं नाव 'म'च! मग त्याने एकेका आवाजाला जीभ कुठे टेकते, ओठ कसे होतात ते लिहून काढलं. जिभेची वळणं दाखवायला कातड्याची लवचीक जीभ करावी, असंही सुचवलं. सोबत एका हाताने करायच्या अक्षरखुणांची चित्रं दिली. त्या खुणा पुढे फ्रान्समध्ये आणि तिथून अमेरिकेत गेल्या. भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. ती वाट ब्रिटनकडून आली.

आजचं स्पॅनिश शिकायला बसलेल्या सातारा-सांगलीच्या मुलाला ह्या नकाशाचा आयता फायदा मिळतो. इंग्रज माणूस शब्दारंभीचा 'प', 'त', 'क' म्हणताना नकळत श्वास सोडतो. स्पॅनिशला तो श्वास नको असतो, म्हणून त्याला कागदाची पट्टी समोर धरून ती सवय मोडावी लागते. मराठी जिभेला प आणि फ, त आणि थ वेगळे ठेवायची सवय पाळण्यापासूनची. स्पॅनिशचे स्वर पाचच : अ, ए, इ, ओ, उ. कडक 'र'ही जड जात नाही.

आणि व्याकरण? 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो'. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', म्हणजे मराठीसारखंच क्रियापद आंब्यांच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या नाही. पुढचं तर चक्रावून टाकणारं आहे. 'मी पुस्तक शोधते', पण 'मी बाईंना शोधते'. निर्जीव वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला मात्र हवा. स्पॅनिशमध्येही पुस्तक नुसतं शोधतात : 'बुस्को एल लिब्रो'. बाई असल्या की आधी 'आ' येतो : 'बुस्को आ ला मायेस्त्रा'. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी माणसाला वस्तूपासून वेगळं काढायची एकच रीत आपापली घडवली.

स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण 1492मध्ये सालामांका शहरात निघालं. त्याच सालामांकात 7 ते 10 जून 1994 ह्या दिवसांत युनेस्को आणि स्पेन सरकारने परिषद भरवली. 92 सरकारं आणि 25 आंतरराष्ट्रीय संस्थांनी जाहीर केलं की अपंग मुलासह प्रत्येक मुलाची जागा गावातल्या नेहमीच्या शाळेत असावी आणि त्यासाठी शिक्षक आधी तयार करावेत. आज आपल्या दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेचा विषय आहे, त्यामागे ही परिषदही आहे.

पण 'प्रत्येक मुलाची जागा' हा प्रश्न साताऱ्याला नवा नव्हता. 1900 साली इथल्या सरकारी हायस्कुलात दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांना वर्गात कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. त्यांनीच ते लिहून ठेवलंय. आणि 1924मध्ये त्याच गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणलं. 1927मध्ये त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव गांधीजींच्या हस्ते मिळालं. भाऊरावांचं घराणं सांगलीकडच्या ऐतवडे बुद्रुकचं. दुधगावात त्यांनी आधी वसतिगृहाचा प्रयोग करून पाहिला आणि 1919मध्ये कराडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. त्या समावेशाला जात आणि गरिबी दिसत होती. बहिरं किंवा आंधळं मूल त्यात अजून ठळक नव्हतं, हेही मान्य केलं पाहिजे.

मात्र भाऊरावांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. खेड्यात शाळा चालवायची तर मास्तरही खेड्यातला हवा. म्हणून 1935मध्ये त्यांनी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केलं. 2016चा दिव्यांग हक्क कायदा शिक्षकांबद्दल जवळपास हेच म्हणतो. सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणारे शिक्षक तयार करा आणि नेमा, आणि त्यांत स्वतः दिव्यांग असलेले शिक्षकही घ्या, अशी त्यात स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे वाळवा किंवा माण तालुक्यातल्या कर्णबधिर मुलीला बी.एड. करून त्याच तालुक्यातल्या वर्गासमोर उभं राहता आलं पाहिजे, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनी तिच्याकडून हातांनी बोलायला शिकलं पाहिजे.