विश्रांतीने न जाणारा थकवा

दिवसभर खेळून दमलेला मुलगा रात्री गाढ झोपला की सकाळी ताजातवाना होऊन उठतो. पण काही मुले झोपून उठल्यावरही दमलेलीच असतात. जिना चढताना त्यांना धाप लागते, तिसऱ्या तासाला डोळे मिटू लागतात, आणि मग त्यांना ‘आळशी’ ही पदवी मिळते. अशा थकव्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी सहज नजरेतून सुटणारे कारण म्हणजे सिलियाक रोग.

कणकेतील चिवट पदार्थ

कणकेचा घट्ट गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली मळत राहा. पांढरे पिष्ट वाहून जाईल आणि रबरासारखा चिवट गोळा हातात उरेल. हेच ग्लुटेन. गव्हातील या प्रथिनांचे भाईबंद सातू (जव) व राय या धान्यांतही असतात. काही माणसांत, आनुवंशिक घडणीमुळे, रोगप्रतिकार यंत्रणा ग्लुटेनला शत्रू समजते आणि या लढाईत स्वतःच्याच लहान आतड्याचे अस्तर जखमी करते.

टॉवेलचा पंचा होतो

आता थोडे गणित करू. लहान आतडे ही ३ मीटर लांब व २.५ सेंटिमीटर व्यासाची गुळगुळीत नळी असती, तर तिचे आतील क्षेत्रफळ ३.१४ × ०.०२५ × ३, म्हणजे पाव चौरस मीटरहूनही कमी, बसायच्या पाटाएवढे भरले असते. प्रत्यक्षात ते सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे ६ मीटर × ५ मीटर वर्गखोलीच्या जमिनीएवढे असते! ही किमया आतड्यातील घड्यांची, त्यांवरील बोटांसारख्या सूक्ष्म रसांकुरांची आणि रसांकुरांच्या पेशींवरील त्याहून बारीक लवेची. टर्किश टॉवेल पंच्यापेक्षा जास्त पाणी टिपतो, तसेच हे. सिलियाक रोगात रसांकुर झिजून सपाट होतात आणि टॉवेलचा जणू पंचा होतो.

याचा थकव्याशी संबंध काय? अन्नातील लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि या रोगाचा मारही तेथेच जास्त बसतो. शरीर रोज जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह घेते. तेही मिळेनासे झाले की हिमोग्लोबिन घटते. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल, तर जवळजवळ १९ मिलिलिटर प्राणवायू वाहिला जातो. ८ ग्रॅमच असेल, तर फक्त ११ मिलिलिटर. मग स्नायू लवकर थकतात आणि हृदयाला जास्त धडधडावे लागते. फॉलिक आम्ल व ड जीवनसत्त्वही कमी पडू शकते. शिवाय आतड्याचा दाह हेही थकव्याचे एक कारण असू शकते. म्हणून रक्तक्षय नसलेले रोगीही थकव्याची तक्रार करतात.

दुष्काळाने दिलेला पुरावा

गव्हावरचा संशय पक्का केला तो हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे तेथे भीषण उपासमार झाली. पाव दुर्मिळ झाला. अशा काळात सिलियाकची मुले मात्र सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच खालावली! पुढे आहार बदलून पाहत त्यांनी पद्धतशीर निरीक्षणे केली व १९५० साली आपला प्रबंध सादर केला.

उपाय कोणता?

ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच आजचा उपाय. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी ही धान्ये आहेतच. मात्र रवा, शेवया, गहू घातलेले सातूचे पीठ आणि गव्हाचे पीठ मिसळलेला डबीतला हिंगही चालत नाही. पोळीच्या कणकेने माखलेली परात भाकरीला घेऊ नये. पथ्याने रसांकुर पुन्हा उगवतात, रक्त सुधारते. थकवा मात्र काहींचा लवकर, काहींचा सावकाश उतरतो.

एक इशारा. तपासणीआधीच मनाने गहू सोडू नका. रक्तातील प्रतिपिंडे त्यामुळे कमी होतात व रोग असूनही तपासणीत दिसत नाही. पोटाची तक्रार नसतानाही हा रोग असू शकतो. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना सिलियाकबद्दल अवश्य विचारावे.

तेव्हा वर्गात कोणी सदा दमलेला दिसला, तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासले आहे का, याची चौकशी करा.