राजाध्यक्षांचा निवाडा : रेल्वे कामगाराच्या तासांचा एक विसरलेला दस्तऐवज

रेल्वे कामगार आणि सरकार यांच्यातील झगड्याची आठवण महाराष्ट्रात निघाली की ती बहुधा १९७४ च्या मे महिन्यातल्या देशव्यापी रेल्वे संपापाशी जाऊन थांबते. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस, ओस पडलेली स्थानके, पहाटेच्या धरपकडी, हे चित्र एका पिढीने प्रत्यक्ष पाहिले आणि पुढच्या पिढीने ते ऐकून पाठ केले. मला मात्र अनेक वर्षे अनावर ओढ वाटत आली आहे ती त्या संपाच्या २७ वर्षे आधी लिहिल्या गेलेल्या, आज कायद्याच्या अभ्यासकांखेरीज फारसे कोणी न उघडणाऱ्या एका निवाड्याची, आणि तो देणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची. राजाध्यक्ष म्हटले की मराठी वाचकाला समीक्षक मं. वि. राजाध्यक्ष आठवतात, न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष आठवलेच तर १९५२ साली नेमलेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष म्हणून. परंतु गाडीच्या डब्यात निश्चिंतपणे झोपलेल्या प्रवाशाच्या जिवाचा भरवसा ज्यांच्या जागेपणावर असतो, त्या लक्षावधी माणसांच्या कामाचे तास कसे मोजावेत याचा स्वतंत्र भारताला मिळालेला पहिला सविस्तर विचार याच गृहस्थाच्या लेखणीतून उतरला.

या विषयाची पूर्वपीठिका वाचकांना बव्हंशी परिचित आहे, म्हणून ती मी भरभर ओलांडतो. १८९९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजेच जी. आय. पी., रेल्वेच्या सिग्नलरांनी, म्हणजे तारयंत्रावर बसणाऱ्या बाबूंनी, पगार, कामाचे तास आणि नोकरीच्या शर्ती यांसाठी संप केला, तेव्हा टिळकांच्या ‘केसरी’ने आणि ‘मराठा’ने त्यांची बाजू आधीपासूनच लावून धरली होती, आणि फिरोजशहा मेहता व दिनशा वाच्छा यांच्यासारखी मवाळ मंडळीही त्यांच्यासाठी सभा आणि निधी यांच्या खटपटीत उतरली होती. तेव्हा मालक होती ती कंपनी. १९२५ साली जी. आय. पी. सरकारच्या थेट कारभाराखाली आली आणि १९४४ पर्यंत बहुतेक सर्व मोठ्या रेल्वे सरकारी झाल्या. या पालटाचा अर्थ कामगाराच्या दृष्टीने फार गंभीर होता, कारण ज्याच्याविरुद्ध फिर्याद न्यायची आणि ज्याच्याकडे ती न्यायची, ते दोघेही एकच होऊन बसले. फेब्रुवारी १९३० मध्ये जी. आय. पी.च्या कामगारांनी पुन्हा मोठा संप केला, तेव्हा त्यांच्यासमोर मालक म्हणून आणि राज्यकर्ता म्हणून उभी होती ती एकच सत्ता.

याच सुमारास कामाच्या तासांसंबंधी पहिला कायदाही झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेने तासांसंबंधी जो करार केला, त्यात हिंदुस्थानापुरती आठवड्याला ६० तासांची सवलतीची मर्यादा ठेवली होती. १९२१ साली हिंदुस्थानाने तो करार मान्य केला. त्याला अनुसरून १८९० च्या रेल्वे कायद्यात १९३० साली एक नवे प्रकरण घालण्यात आले आणि १९३१ साली नियम झाले. ज्याचे काम अखंड, त्याला आठवड्याला सरासरी ६० तास. ज्याचे काम स्वभावतःच खंडित, त्याला ८४ तास. ८४ तास म्हणजे सातही दिवस रोज १२ तास. आणि गाडीबरोबर धावणारे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांना तर या नियमांनी आपल्या कक्षेत घेतलेच नव्हते.

या ‘खंडित’ कामाच्या व्याख्येपाशी सगळ्या तंट्याची गाठ आहे. कामगार हजर आहे, परंतु दीर्घकाळ त्याला शारीरिक हालचाल करावी लागत नाही किंवा सतत लक्षही द्यावे लागत नाही, असे अधिकाऱ्याने ठरवले की त्याचे काम खंडित गणले जाई. आडमार्गावरचा गेटमन, दिवसात मोजक्याच गाड्या जाणाऱ्या स्थानकाचा मास्तर, पाणक्या, पॉइंट्समन अशी माणसे या कोष्टकात बसवली जात. प्रशासनाचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो: दोन गाड्यांमध्ये तीन तासांचे अंतर असेल, तर त्या तीन तासांत त्या माणसाने केले काय, की त्याची गणना कामात करावी? कामगारांचे उत्तर असे की त्या तीन तासांत तो घरी जाऊ शकत नाही, झोपू शकत नाही, आजारी मुलाला घेऊन दवाखान्याची वाट धरू शकत नाही. गाडी उशिरा आली तर त्याची सुटकाही उशिरा होते. आणि त्याच्या हातून एका क्षणाची चूक झाली तर तो क्षण निष्क्रियतेचा होता ही सबब कोणतीही चौकशी ऐकून घेत नाही. जबाबदारी अखंड आणि मोबदला मात्र खंडित, या विसंगतीवर माझ्या मते प्रशासनाला कधीही समाधानकारक उत्तर देता आले नाही.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा या तक्रारींचा साठा शिगेला पोचला होता. युद्धकाळात रेल्वेवर विलक्षण ताण पडला, महागाई भडकली, आणि युद्धानंतर नोकरकपातीची टांगती तलवार आली. १९४६ हे साल संपांचे साल होते. मुंबईत नाविकांचे बंड झाले, जुलैमध्ये टपाल कामगारांनी काम थांबवले, आणि अखिल भारतीय रेल्वेमेन्स फेडरेशनने देशव्यापी संपाची सिद्धता चालवली. त्या परिस्थितीत सरकारने जो हस्तक्षेप केला, त्याचा कायदेशीर आधार मोठा लक्षणीय आहे. भारत संरक्षण नियमांतील ८१-अ हा नियम युद्धकाळात संप आवरण्यासाठी आणि तंटे लवादाकडे सोपवण्यासाठी करण्यात आला होता. त्याच नियमाखाली ९ रेल्वे प्रशासने आणि त्यांचे कामगार यांच्यातील तंटा न्यायमूर्ती राजाध्यक्षांकडे निवाड्यासाठी देण्यात आला. कामाचे तास, साप्ताहिक विश्रांती, रजेवरील माणसांच्या जागी द्यावयाची राखीव माणसे आणि कनिष्ठ व रोजंदारी कामगारांच्या रजा-सुट्या, एवढे विषय त्यांच्यापुढे होते. टपाल कामगारांचा तंटाही त्यांच्याचकडे आला. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या मुशीतून आलेल्या न्यायाधीशाकडून कामगारांनी कितपत आशा बाळगली असेल, हे सांगणे कठीण आहे. परंतु १९४७ साली, सत्तांतराच्या धामधुमीत, त्यांनी जो निवाडा दिला तो कोणत्याही मापाने मोजला तरी न्यायबुद्धीचा होता.

त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याचे महत्त्व त्याच्या साधेपणात आहे. दोन वर्गांच्या जागी त्यांनी चार वर्ग केले. ज्या कामात माणसाचे शरीर वा चित्त क्षणभरही सैल पडू शकत नाही ते ‘तीव्र’ काम, त्याला आठवड्याला ४५ तास. सर्वसाधारण अखंड कामाला ५४. स्वभावतः खंडित कामाला ७५. आणि उरलेला लहानसा वर्ग नियमांच्या बाहेर. वर्दळीच्या केबिनमध्ये वा नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाचा मेंदू थकतो, आणि तो थकवा हमालाच्या पाठीच्या थकव्याइतकाच खरा असतो, ही गोष्ट ‘तीव्र’ या नव्या वर्गाने रेल्वेच्या दप्तरात प्रथमच नोंदवली. धावत्या गाडीवरच्या माणसांना त्यांनी नियमांच्या छत्राखाली आणले. भुसावळहून मालगाडी घेऊन निघालेला ड्रायव्हर आणि त्याचा फायरमन वाटेतल्या एखाद्या लहान स्थानकाच्या बाजूच्या रुळावर, मेल गाडीला वाट देण्यासाठी, भट्टी पेटती ठेवून ताटकळत उभे राहतात तेव्हा ते कामावरच असतात, हे तत्त्व आज स्वयंसिद्ध वाटते. ते स्वयंसिद्ध नव्हते, आणि त्यासाठी एका न्यायाधीशाला लेखणी झिजवावी लागली, याचे स्मरण आपण ठेवले पाहिजे.

माझ्या दृष्टीने या निवाड्याचा सर्वांत मोलाचा भाग रजेच्या राखीव माणसांसंबंधीचा आहे. कागदावर रजा असते, साप्ताहिक सुटी असते. पण बदली माणूसच नसेल तर गेटमन ती घेणार कशी? तो गेला तर फाटक कोण लावणार? सबब, हक्क लिहून ठेवायचा आणि त्याच्या उपभोगासाठी लागणारी माणसे मात्र नेमायची नाहीत, ही सरकारी कारभाराची जुनी खोड आहे. तासांचा प्रश्न हा अखेर नेमणुकांचा प्रश्न आहे, आणि नेमणुकांचा प्रश्न खजिन्याचा, हे राजाध्यक्षांनी दोन्ही विषय एकत्र हाताळून दाखवून दिले. त्यांच्या शिफारशी अमलात आणायच्या म्हणजे हजारो नवी माणसे घ्यायची, त्यांच्यासाठी घरे बांधायची, पाळ्या नव्याने आखायच्या.

येथून पुढे सुरू होते ती दिरंगाईची कहाणी, आणि ती वाचताना मला प्रत्येक वेळी संताप येतो. सरकारने निवाडा १९४८ साली स्वीकारला आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू करण्यास घेतला. त्याला कायद्याचे रूप मिळाले ते १९५६ च्या दुरुस्तीने. त्या कायद्याखालचे नियम झाले १९६१ साली. म्हणजे निवाडा आणि नियम यांच्यात १४ वर्षे गेली. निवाड्याच्या वेळी नोकरीस लागलेला तरुण नियम येईपर्यंत प्रौढ झाला. शिवाय कोणते काम कोणत्या वर्गात मोडते हे ठरवणार तेच प्रशासन, ज्याला त्या ठरवण्याचा खर्च सोसायचा होता. गाड्या वाढल्या, डिझेल आणि विजेची इंजिने आली, वेग वाढला. आठवड्याचे आकडे मात्र जागच्या जागी राहिले, आणि कारखान्यातील कामगार ४८ तासांवर आला असताना रेल्वेचा कामगार ५४ व ७५ तासांवरच रखडला.

दुसरा न्यायाधीश नेमण्याची वेळ १९६९ साली आली. गुजरात उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती एन. एम. मियांभॉय यांच्या न्यायाधिकरणाने १९७२ साली अहवाल दिला: तीव्र कामाला ४२ तास, अखंड कामाला ४८. अहवाल आला आणि पुन्हा विचाराधीन झाला. दरम्यान इंजिनावरच्या माणसांनी, मान्यताप्राप्त संघटनांना वगळून, स्वतःची संघटना उभारली होती. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांनी काम थांबवले, आणि रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांना सलग कामाची मर्यादा १० तास ठेवण्याचे मान्य करावे लागले. इंजिनावर चढल्याची सही केल्यापासून उतरल्याच्या सहीपर्यंत दहा तास: जी गोष्ट शांतपणे मागून वर्षानुवर्षे मिळाली नाही, ती काम थांबवताच काही दिवसांत कबूल झाली. यातून कामगारांनी कोणता धडा घ्यावा अशी सरकारची अपेक्षा होती?

त्यांनी जो धडा घेतला तो पुढच्या मे महिन्यात देशाने पाहिला. ८ मे १९७४ पासून २० दिवस चाललेल्या, सुमारे १७ लाख कामगारांचा म्हणून नोंदल्या गेलेल्या त्या संपाची हकीकत सर्वश्रुत आहे. बोनस आणि वेतन या मागण्या ठळक होत्या म्हणून आठ तासांच्या दिवसाची मागणी लोकांच्या स्मरणातून पुसट झाली, परंतु ती मागण्यांच्या यादीत होती, आणि राजाध्यक्षांच्या निवाड्यापासून वाहत आलेला प्रवाह तेथे येऊन मिळाला होता. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी फर्नांडिसांना लखनौत अटक झाली. हजारो कामगार तुरुंगात गेले. भारत संरक्षण नियम आणि ‘मिसा’ हा अंतर्गत सुरक्षा कायदा यांचा वापर झाला. रेल्वेच्या चाळींमधून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले. ज्या नावाच्या नियमांखाली १९४६ साली सरकारने कामगारांना न्यायाधीश दिला होता, त्याच नावाच्या नियमांखाली १९७४ साली त्यांना कोठडी दिली. मियांभॉय यांनी सुचवलेल्या तासांची अंमलबजावणी त्याच वर्षी हाती घेण्यात आली, हे पाहिले म्हणजे एवढ्या दडपशाहीने नेमके काय वाचवले असा प्रश्न पडतो. १९७७ साली राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी संपापायी नोकरी गमावलेल्यांना कामावर परत घेतले. राष्ट्राच्या वतीने केलेले ते प्रायश्चित्त होते असे मी मानतो.

या साऱ्या दप्तरावरून माझे मत असे झाले आहे की रेल्वेच्या तंट्यात सरकारचा हस्तक्षेप अटळ असतो, कारण गाडी थांबली की धान्य, कोळसा, टपाल आणि रुग्ण सारेच थांबतात; म्हणून हस्तक्षेप करावा की नाही हा वाद निष्फळ आहे. खरा प्रश्न त्याच्या क्रमाचा आणि मुदतीचा आहे. न्यायाधीश आधी आला आणि त्याचा शब्द वेळेवर पाळला गेला, तर शिपायाची गरज क्वचितच पडते. न्यायाधीशाचा कागद फडताळात ठेवला, तर शिपायाला बोलवावेच लागते, आणि मग सरकार त्याला कामगारांचा हट्ट म्हणते. संप अन्याय्य होता असे म्हणणाऱ्यांनी १९४७ ते १९७४ या सत्तावीस वर्षांच्या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात.

१९८९ साली संसदेने १८९० चा रेल्वे कायदा रद्द करून नवा केला. त्यातील १३२ व्या कलमात तीव्र, अखंड आणि खंडित कामाच्या कमाल मर्यादा अनुक्रमे ४५, ५४ आणि ७५ तास अशाच दिल्या आहेत. नियमांनी प्रत्यक्षातील तास पुढे कमी केले हे खरे; तथापि संसदेच्या कायद्यात हे आकडे १९४७ च्या निवाड्यातलेच राहिले. एका न्यायमूर्तीने आपल्या काळातील किमान माणुसकी म्हणून आखलेली रेषा पुढील पिढ्यांनी कमाल मर्यादा म्हणून जपून ठेवावी, हा त्यांचा सन्मान नव्हे. रेल्वेच्या तासांसंबंधी यापुढे जो कोणी लवाद वा आयोग नेमला जाईल, त्याच्या नेमणुकीच्या हुकमातच अंमलबजावणीची तारीख लिहिलेली असावी आणि कामाचे वर्ग ठरवण्याचा अधिकार प्रशासनाबाहेरच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे असावा, एवढी मागणी प्रवासी म्हणून आपण सर्वांनी केली पाहिजे. कारण थकलेल्या ड्रायव्हरच्या गाडीत बसलेले आपणच असतो.