गाव करील ते…

‘गाव करील ते राव काय करील’ या म्हणीचा विस्तार करा, असे मी परवा वर्गात सांगितले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत या म्हणीने मला कधी दगा दिला नव्हता. पण मागच्या बाकावरून एका मुलाने अगदी नम्रपणे विचारले, “सर, गाव कुठले? आतले की बाहेरचे?”

वर्ग हसला, मीही हसलो. मात्र बसने घरी येताना तो प्रश्न माझ्या शेजारीच बसून होता. कारण मी निर्मळचा.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना निर्मळ ठाऊक असेल ते जत्रेमुळे. नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेची वाट धरली की वाड्या लागतात, आणि मग आमचे तळे. शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आणि होली क्रॉस चर्च एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. कार्तिक वद्य एकादशीला जत्रा भरते, तेव्हा पाळण्यात बसलेल्या पोराचा देव कोणता, हे कोणी विचारीत नाही. अशा या गावात माणसांची विभागणी झाली ती देवावरून नव्हे, महापालिकेवरून.

ती हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. 1990 साली वसईच्या विकासाच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली, आणि हा हिरवा पट्टा राहणार की जाणार, या चिंतेने लोक रस्त्यावर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव त्या हरित वसईच्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. पुढे जुलै 2009 मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या 4 नगरपालिका आणि 53 गावे मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांतून विरोध पेटला. 2011 साली शासनाने 29 गावे वगळण्याची अधिसूचना काढली, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. ते इतके रेंगाळले, की 2024 साली ही गावे महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना निघाली तेव्हा आंदोलनात खांद्यावर बसून गेलेली पोरे मतदार झाली होती! हे दुखणे एकट्या वसईचे नाही. कल्याण-डोंबिवलीजवळची 27 गावे 2002 साली अशीच बाहेर गेली आणि 2015 साली पुन्हा आत आली.

आता आमच्या घरची गोष्ट. माझे वडील आणि काका यांची घरे एकाच वाडीत, मध्ये एक विहीर. आजोबांच्या वेळी तिच्यावर रहाट होता. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. आज यांच्या केळींना, तर उद्या त्यांच्या पानवेलींना. त्यावरून भांडणेही होत. पण ज्याची पाळी असेल त्याने पाटातला गाळ काढायचा, हा नियम भांडणातही कोणी मोडीत नसे.

2009 साली वडील म्हणाले, “महापालिका आली तर पाणी येईल, रस्ते येतील. दादरला फुले नेऊन का पोरांचे संसार चालणार आहेत?” काका म्हणाले, “पाणी येईल, पण त्याच्या मागोमाग इमारती येतील. मग वाडी कुठली आणि विहीर कुठली!” दोघांचेही खरे होते. आज मागे वळून पाहिले की हेच मनाला लागते. खोटे कोणीच बोलत नव्हते. तरी त्या वर्षापासून काकांचा गणपती वेगळा बसू लागला. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात काका आले ते अक्षता टाकण्यापुरते. ताटावर बसले नाहीत. आई पदराने डोळे पुशीत आत गेली, ते मी पाहिले आहे.

दोन घरांच्या मधोमध एक गटार आहे. जुन्या पाटाचेच ते नवे रूप. ते तुंबू लागले. वडील म्हणत, “ज्यांना गाव बाहेर हवे, त्यांनी साफ करावे.” काका म्हणत, “ज्यांना महापालिका हवी, त्यांनी तिला बोलवावे.” मी मधल्यामध्ये शिकलेला माणूस! मी काय करावे? एका कार्यालयात अर्ज दिला, पोचपावती फाइलला लावली, आणि कर्तव्य झाले असे मानून स्वस्थ बसलो. घरातले हे दोन म्हातारे निदान आपले मत उघड बोलत होते. मी तेवढेही केले नाही.

जुलै 2018 चा पाऊस वसईकर विसरणार नाहीत. रेल्वे बंद, वसईच्या मिठागरांत माणसे अडकलेली, दिवसचे दिवस पाणी ओसरेना. खाड्या आणि सखल जमिनी भरावाखाली जात राहिल्या, तर पावसाने जायचे कुठे? त्या रात्री आमच्या ओटीवर पाणी चढले आणि काकांच्याही. पाण्याने कोणाचा पक्ष विचारला नाही. काकांची ओटी आमच्याहून खाली, म्हणून वडील कंदील घेऊन दारात उभे राहिले आणि नऊ वर्षांनी त्यांना हाक मारली, “अरे, वर ये!” काका आले. दोघे भाऊ एकाच पलंगावर पाय वर घेऊन पहाटेपर्यंत बसले. बोलले मात्र नाहीत.

पाणी ओसरल्यावर चुलतभावाने आणि मी गटारावरची फरशी उचलली. आत काय होते म्हणता? गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि निवडणुकीचे दोन फलक. एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. दोन्हींवरचे हात जोडलेले पुढारी चिखलात एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते. ते सुटे करताना आम्हाला हसू आवरेना. दोन तास लागले सारे गटार मोकळे व्हायला. नऊ वर्षे तुंबलेले काम, दोन तासांचे!

वडील त्याच्या पुढच्या वर्षी गेले. खांदा द्यायला काका पहिले होते. दोघांचे बोलणे मात्र राहून गेले ते गेलेच.

तेव्हापासून देशाच्या बातम्या वाचताना मला ते गटार आठवते. कोण आत आणि कोण बाहेर, कोण आपले आणि कोण परके, यावर दिवाणखान्यात आपण तावातावाने बोलतो. मतभेद असावेतच. वडिलांचे आणि काकांचे मत एक झाले असते, तर त्यांतले एक खरे बुडालेच असते. पण ज्याची पाळी त्याने गाळ काढायचा, हा रहाटाच्या वेळचा नियम मोडला की राज्य कोणाचेही येवो, पाणी ओटीवर चढते. महापालिकेची मुदत 2020 साली संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. ज्यांच्या निवडीवरून भाऊ भावाला दुरावले, ते नगरसेवकच तेव्हा नव्हते. गटार मात्र होते, आणि पाऊसही दर वर्षी येत होता.

त्या मुलाला उत्तर द्यायचे राहिले आहे. सुट्टीनंतर सांगणार आहे, की बाबा, म्हणीत ‘गाव’ आणि ‘राव’ यांच्यामध्ये ‘करील’ हा शब्द आहे, तो वाच.

दिवाळीनंतर महिन्याभराच्या आतच जत्रा येते. काका आता थकले आहेत. यंदा त्यांना तळ्यापर्यंत धरून न्यायचे मी आणि चुलतभावाने ठरवले आहे. त्याआधी एका रविवारी फरशी उचलायची आहे. यंदा पाळी माझी.