कारवानी कुत्रं दारात आणण्याआधी

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपत आली होती, हप्ते जमा झाले होते, तेवढ्यात एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या भावाकडं दोन वर्षांची कारवानी कुत्री आहे आणि तो ती फुकट द्यायला तयार आहे. पोरांनी हट्ट धरलाय, मालकांची ना नाही. "तुम्हीच सांगा, आणू का नको?"

फुकट म्हटलं की आपण लगेच हात पुढं करतो. म्हणून आम्ही तिघीचौघी आधी कुत्री बघायला गेलो.

कारवानी आपल्या मुलखाला नवी नाही. लातूर जिल्ह्यातल्या जानवळची पश्मी प्रसिद्ध आहे. कानांवर आणि शेपटीवर लांब केस असतात ती पश्मी, गुळगुळीत अंगाची ती कारवानी. कर्नाटकातल्या मुधोळचं कुत्रंही याच गोतातलं. परदेशातला ग्रेहाउंडही असाच, बारीक कंबर आणि खोल छातीचा. ही सगळी नजरेनं शिकार धरणारी कुत्री. वास काढत बसत नाहीत. समोर काही पळालं की सुटतात, आणि एकदा सुटल्यावर हाक ऐकत नाहीत.

आमच्या ताईंची अडचण नेमकी इथंच होती. त्यांच्याकडं गटाच्या कर्जातून घेतलेल्या गावरान कोंबड्या आहेत, हप्ता अंड्यांवर निघतो. शेजारी शेळ्यांची करडं. पळणारी कोंबडी या कुत्रीला कोंबडी दिसत नाही, ससा दिसतो. करडू मारलं तर भरपाई आपण द्यायची, वर शेजारणीशी बोलणं बंद.

पिल्लू आणलं तर पुढं कसं निघेल ते सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव मात्र आधी बघता येतो. इंग्लंड-आयर्लंडमध्ये शर्यतीतून काढलेले ग्रेहाउंड लोक घरी नेतात, तेव्हा मांजरासमोर त्यांना बांधून पारखतात. आम्हीही तेच केलं. भावानं साखळी घट्ट धरली आणि कोंबड्या जाळीपलीकडं सोडल्या. कुत्रीनं एकदा ताठ होऊन बघितलं, मग नाव घेतल्यावर मान वळवली. ही खूण बरी. नजर हलतच नाही, अंग थरथरतं, तर सरळ नको म्हणावं. आणि बरी खूण मिळाली तरी जाळी लागतेच.

भाऊ ती का देतोय, हेही विचारलं. पायाला लागल्यापासून ती पूर्वीसारखी पळत नाही. म्हणजे शिकारीला नेत होते. ससा असो की काळवीट, मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. उद्या दीर किंवा पोराचे मित्र "रानात नेऊन आणतो" म्हणाले, तर वनखात्याची माणसं आपल्या दारात येतील. हे घरात आधीच बोलून घ्यावं.

राखणीला म्हणून आणायचं असेल तर थोडं थांबा. ही कुत्री परक्याला अंगाला हात लावू देत नाहीत, पण भुंकण्यात गावठी कुत्रं त्यांच्यापेक्षा सरस. आमचं मत विचाराल तर नुसत्या राखणीसाठी गावठीच बरं. कारवानी दिवसाचा बराच वेळ पडून असते. मात्र रोज सकाळ-संध्याकाळ फिरवायला लागते. दिवसभर दावणीला बांधली की चिडकी होते. साधा पट्टाही चालत नाही, कारण डोकं निमुळतं आणि मान जाड, पट्टा सटकतो. रुंद पट्टा घ्यावा. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत पोतं अंथरून वर जुनी गोधडी द्यावी.

खायला भाकरी, दूध, अंडं चालतं. कांद्याची आमटी, उरलेला रस्सा घालू नका, कांद्यानं कुत्र्याचं रक्त बिघडतं. शिजवलेली हाडंही नकोत. खाल्ल्याबरोबर पळवू नये.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दर वर्षी. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, आणि दोन महिन्यांत पिल्लं होतात. ती कुठं देणार? पिल्लं बंद करण्याची शस्त्रक्रिया जनावरांच्या डॉक्टरांकडून करून घ्यावी. या बारीक अंगाच्या कुत्र्यांना भूल जपून द्यावी लागते, तेवढं त्यांना आठवण करून द्यावं. आणि कुत्रं घरचं असो, लस दिलेलं असो, चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका, लगेच आरोग्य केंद्रात जा.

हे सगळं ऐकल्यावर ताईंनी घरी एकच प्रश्न विचारला: फिरवणार कोण? कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. थोरला पोरगा पुढच्या वर्षी शिकायला लातूरला जाणार. मालक पहाटे पाणी द्यायला जातात. मग उरतं कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळचं फिरवणं धाकट्यानं घेतलं, संध्याकाळचं मालकांनी. दोघांनी पंधरा दिवस मामाच्या गावी जाऊन-येऊन ते करून दाखवायचं, असं ताईंनी सांगितलं.

आज नववा दिवस. एक दिवस चुकला, पावसाचं निमित्त झालं. खुराड्याला जाळी लागलीय, दार अजून बसायचं आहे. तोवर कुत्री मामाकडंच आहे.